वीतभर कोऱ्या जागेचा वसा

बायांनो, दोघींचं भांडण असेल तर तिसरीनं कुठं जावं? ठाऊक असेल तर मनात ठेवा, आणि ही गौरीची कहाणी ऐका.

असंच एक आटपाट नगर होतं. तिथं एका कासाराचं घर होतं. घरात सासू होती, दोन सुना होत्या. थोरली तानी, धाकटी द्वारका. एकदा लोणच्याला बुरशी आली. सासू म्हणाली, थोरलीनं ओला हात घातला. थोरली म्हणाली, सासूनंच झाकण उघडं ठेवलं. झालं. दोघींनी अबोला धरला.

अबोला धरला, पण बोलणं काही थांबलं नाही. चुलीशी थोरली, उंबऱ्याशी सूप घेऊन सासू, मधे हातभर अंतर. सासू म्हणे, "द्वारके, सांग तिला, भाकरी करपली." थोरली म्हणे, "द्वारके, सांग त्यांना, नाक शाबूत आहे, जीभ तेवढी आवरा." निरोप गोड करून सांगितला तर थोरली रागावे, "माझं बोलणं बदलतेस?" आहे तसा सांगितला तर सासू रागावे, "हे मला तोंडावर सांगतेस?" मग सासूनं बजावलं, "आता एक निरोप चुकलीस, तर कायमची माहेरी धाडीन." माहेरी आई नव्हती, बाप नव्हता, घराला कुलूप होतं.

द्वारका विहिरीवर रडत बसली. आपल्या तोंडात आपलं बोलणं कुठलं, हेच तिला कळेना. तिथं गौर म्हातारीच्या रूपानं आली. "मुली, मुली, का रडतेस?" "आजी, मला घरातून जाता येत नाही, घरात राहता येत नाही." "मग मी सांगते तो वसा घे. चैत्रात रोज अंगणात गौरीची रांगोळी काढावी. सूर्य काढावा, चंद्र काढावा, तुळस काढावी. मधे वीतभर जागा कोरी ठेवावी. डोळे मिटून तिथं मनानं जावं, घटकाभर बसावं, मग घरी यावं. जायला भिऊ नये, यायला विसरू नये."

मग द्वारकेनं वसा घेतला. पहिल्या दिवशी गेली, तिथं आंब्याची सावली होती. दुसऱ्या दिवशी गेली, सावलीत झोपाळा होता. तिसऱ्या दिवशी गेली, झोपाळ्यामागं घर होतं. घरात सासू होती, थोरली होती, दोघी हसून बोलत होत्या. मग ती रोज त्या घरी जाऊ लागली. घटकेच्या दोन घटका झाल्या.

एके दिवशी आपण परत आलो की नाही, हे तिचं तिलाच कळलं नाही. थोरली चुलीपुढं घामाघूम झाली होती. द्वारका म्हणाली, "जाऊबाई, सासूबाई म्हणतात, तू सकाळपासून उपाशी आहेस, आधी जेवून घे."

थोरलीच्या हातातलं उलथनं पडलं. "कोण म्हणतंय?"

उंबऱ्यावरून सासू ओरडली, "मी कधी म्हटलं?"

द्वारका घाबरली. "तुम्हीच म्हणालात, मी ऐकलं. पण इथं म्हणालात की तिथं, ते आठवत नाही."

"तिथं म्हणजे कुठं गं?"

द्वारका अंगणातल्या रांगोळीकडे बघू लागली.

"बांध गाठोडं!" सासू म्हणाली. द्वारका गाठोडं बांधू लागली. मग सासू थोरलीकडे वळली. "तानी, ही खोटं बोलते. मी असं म्हटलेलं नाही."

थोरली म्हणाली, "नाही ना म्हटलं? मग आता म्हणा."

सासूनं सूप खाली ठेवलं. चार महिन्यांनी आपण थोरलीशी बोललो, हे तिच्याही मागाहून ध्यानात आलं. "द्वारके, सांग तिला..." म्हणाली आणि थांबली.

"काय सांगू, सासूबाई?"

"काही नको. गाठोडं सोड." मग थोरलीकडे न बघता म्हणाली, "जेव."

"वाढून घेते. तुम्हीही या."

"मला भूक नाही."

"मग नुसत्या बसा."

निरोप चुकला की पोचला, हा वशाचा दोष की वशाचं फळ, द्वारकेला उमगलं नाही. सांगणाऱ्यांनाही अजून उमगलेलं नाही. तिला गौर पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. घरात राहून घटकाभर दूर जाता येवो, गेलेलीला परत येता येवो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरांत फळाला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू आणि थोरली एकमेकींशी थेट भांडल्या, आणि द्वारका उन्हात केस वाळवत बसली.