एकुलत्या एका मुलाची शाळा

तालुक्याचे शिक्षणाधिकारी बोंद्रेसाहेब जीपमधून उतरले ते शाळा बंद करायचा आदेश घेऊनच. शिक्षिका गावितबाई वर्गाच्या दारात आल्या.

"एका मुलासाठी शाळा चालवायची का, बाई?"

"साहेब, एकेचाळीस मुलं समोर बसलीत!"

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

बाईंनी साहेबांनी आणलेला एक्सेलचा तक्ता पाहिला आणि कपाळावर हात मारला. मुलांचे क्रमांक एकोणीस आकडी. पहिले पंधरा सगळ्यांचे सारखे, शेवटचे चार ज्याचे त्याचे. एक्सेलला पंधराच आकडे पेलतात, म्हणून सगळ्यांच्या शेवटी चार शून्यं आली. सारखे दिसले म्हणून साहेबांनी एक ठेवून चाळीस उडवले.

बाईंनी कागदाची चार शून्यं कापली आणि खिचडीच्या भाताने जीपच्या नंबरातल्या शेवटच्या चार आकड्यांवर चिकटवली.

"अहो, गाडी माझी आहे!"

"कशावरून, साहेब? सगळ्यांचे शेवटचे आकडे असे शून्य केले, तर अशा शेकडो गाड्या निघतील. एक ठेवू, बाकी भंगारात घालू."

साहेबांनी आदेश फाडला. "आता?"

"रकाना आधी टेक्स्ट, म्हणजे अक्षरांचा, करा, मग रजिस्टरवरून क्रमांक पुन्हा भरा. गेलेले आकडे आपोआप परत येत नाहीत."

"याच तक्त्यावरून गेल्या महिन्यात नऊ शाळा बंद केल्या," साहेब पुटपुटले.

"मग त्यांची रजिस्टरं काढा."

"ती रद्दीत घातली, बाई."