गिरणीवालीचा व्हिडिओ

एका गावात पिठाची गिरणी होती. ती निर्मला चालवी आणि चालवता चालवता गाई. गाणी तिची स्वतःची. शब्दही तिचे, चालही तिचीच. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवायचा, तर गुणगुणून भागत नसे. तिचा सूर चौकापर्यंत खणखणीत ऐकू जाई.

तिची दोन-तीन गाणी मोबाईलवरून शहरात पोहोचली. एके दिवशी तिथून विराज नावाचा दिग्दर्शक कॅमेरा घेऊन आला. स्वतंत्र कलाकारांचे म्युझिक व्हिडिओ करण्यात त्याचा हातखंडा होता. आजवर त्याने असे सहा कलाकार जगापुढे आणले होते. सहाही जण एकाच खिडकीशी, एकच गिटार घेऊन, सारखेच उदास बसले होते. स्वतंत्र माणूस कसा दिसतो, हे विराजने एकदाचं ठरवून टाकलं होतं.

"ताई, गिरणी बंद करा," तो म्हणाला. "केस मोकळे सोडा. ही गिटार घ्या."

"मला वाजवता येत नाही."

"वाजवायची नाहीच. नुसती धरायची. आणि डोळे मिटून गा."

"डोळे मिटले तर पीठ जाडं पडतं, दादा."

विराज हसला नाही. कलेच्या बाबतीत तो हसत नसे.

निर्मलाला मात्र हा व्हिडिओ हवा होता. आपलं गाणं गावाबाहेर जावं, लोकांनी आपल्याला ओळखावं, ही तिची फार दिवसांची इच्छा. तिने अंगावरचं पीठ झटकलं, केस सोडले आणि गिटार मांडीवर घेतली. गाणं नव्या ज्वारीच्या गरम पिठाचं होतं. त्यात दुःख कुठे घालावं हे तिला कळेना, तरी तिने प्रामाणिक प्रयत्न केला.

तेवढ्यात अनसूयामावशी ज्वारीचा डबा घेऊन दळायला आल्या. त्यांनी वाकून कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं.

"निमी कुठाय? आणि ही कोण बया? हिचं काय गेलंय एवढं?"

"मावशी, मीच आहे ती."

"तू? अगं, मला वाटलं हिच्या घरी कुणी वारलं!"

निर्मला उठली आणि झालेलं चित्रण तिनेही पडद्यात पाहिलं. चित्र सुरेख होतं. फक्त तिचं गाणं कुणी अनोळखी बाई म्हणत होती. तिने केस बांधले आणि गिटार परत केली.

"गाणं गिरणीवर झालंय, गिरणीवरच म्हणेन. घ्यायचं तर असं घ्या."

"असं कोण बघणार, ताई? मी निघतो मग."

निर्मलाने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "सव्वाचारची एस.टी. आहे."

तिने गिरणी सुरू केली, मावशींची ज्वारी ओतली आणि गळा मोकळा सोडला. विराज कॅमेरा बॅगेत भरत होता. भरता भरता त्याचा पाय ताल धरू लागला. त्याने दोनदा पाय थांबवून पाहिला. मग कॅमेरा मुकाट्याने पुन्हा बाहेर आला. सव्वाचारची एस.टी. त्याच्याशिवाय गेली.

व्हिडिओ निघाला. लाखो लोकांनी तो डोक्यावर घेतला वगैरे काही झालं नाही. पण आठवड्याभरात शेजारच्या गावचे एक गृहस्थ दळण घेऊन आले आणि दारातच थबकले. समोर भुवयांपर्यंत पिठाने माखलेली निर्मला उभी होती.

"ती गाणारी तुम्हीच ना?"

"मीच," निर्मला म्हणाली. घरघरीवरूनही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने म्हणाली.

तात्पर्य: जगापुढे जायचं तर आपल्याच चेहऱ्याने जावं. उसन्या चेहऱ्याची वाहवा झाली, तरी ती त्या चेहऱ्याची होते, आपली नाही.