नारळ न आणणारी घरं

फार फार वर्षांपूर्वी, गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही इतक्या जुन्या काळी, एका गावात तापाची साथ आली. गावातले वैद्यबुवा कडूजहर काढा द्यायचे. आणि गावाची एक रीत होती, बरं का. ताप उतरला की वैद्यबुवांच्या ओसरीवर नारळ ठेवून जायचं.

ओसरीवर नारळांचा हा एवढा ढीग! मग काढ्याबद्दल शंका कोण घेणार?

त्याच गावात एका कुंभारणीची धाकटी लेक, ठकू, तापली. काढा पोटात गेला की पोर भडाभडा ओकायची. ओकून ओकून तिचा पार पाचोळा झाला. पुन्हा पाजावा, तर ओकून जायची. न पाजावा, तर तापानं जायची. आईनं करावं काय?

शेजारीण म्हणाली, "अगं, पाज गं! आमचे हे काढा पिऊन उठले आणि भाकरी मागायला लागले."

पलीकडची म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी थेंब घेतला नाही. त्याही उठल्या, आणि उठल्या उठल्या भांडल्या!"

कुंभारीण आणखीच गोंधळली. तडक वैद्यबुवांकडे गेली.

"बुवा, काढ्यानं माणूस बरा होतो, हे कशावरून?"

"डोळे आहेत ना तुला? नारळ बघ की!"

"बघितले. पण ज्यांनी नारळ आणला नाही, त्यांचं काय झालं?"

वैद्यबुवांनी नारळांकडे बघितलं, मग बाहेरच्या रिकाम्या वाटेकडे. "ते... ते काही इकडे आलेच नाहीत."

माणूस सरळ होता. उपरणं खांद्यावर टाकून घरोघर विचारत निघाला. काढा पिऊन बरे झालेले भेटले, पिऊन तसेच पडलेले भेटले, न पिता बरे झालेलेही भेटले. एका घरात तर चूलच विझलेली. वैद्यबुवा पारावर येऊन बसले, तिथे कुंभारीण वाट बघत होती.

"बाई, आता तर मलाच काही कळेना! माझ्यापर्यंत चालत आले ते मुळात धडधाकट. अंथरुणाला खिळलेल्यांशी त्यांची बरोबरी कशी करू?" मग डोकं खाजवून म्हणाले, "आजाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकू. निम्म्यांना काढा, निम्म्यांना नुसती पेज. मी निवडायचं नाही, तुम्हीही नाही."

"माझ्या ठकूचीही चिठ्ठी?" आईनं विचारलं.

"ठाऊक असतं तर सांगितलं असतं गं. ठाऊक नाही, म्हणूनच चिठ्ठी."

ठकूला पेज निघाली. हळूहळू तिचा ताप उतरला. बायका धावत आल्या, "पेजेचा गुण गं बाई, पेजेचा!"

"गप्प बसा," लेकीला पोटाशी धरून कुंभारीण म्हणाली. "वरच्या आळीतला पोरगा पेजच पितोय, अजून फणफणतोय. सगळ्यांचं कळू दे."

सगळ्यांचं कळलं. काढावाले थोडे जास्त उठले होते. हा गुण काढ्याचा की नुसता योगायोग? म्हणून दुसऱ्या आळीत पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, तर तिथे पेजवाले थोडे जास्त! म्हणजे काढ्याचा गुण असा काही नव्हताच. तेव्हा वैद्यबुवांनी काढ्याचा हंडा पालथा घातला आणि खऱ्या औषधाच्या शोधाला लागले. गावातल्या पोरांचं ओकणं मात्र त्याच दिवशी थांबलं.

तात्पर्य: जे सांगायला आले तेवढ्यांवरून सगळ्यांचं ठरवू नये; जे आले नाहीत त्यांच्या दारी आधी जाऊन यावं.