महाराजांचं तेल, चांगुणाचे पाय

"महाराज खाडी घेणार, आणि आपल्याला..." एवढंच मी शेजारच्या चांगुणाच्या कुडापलीकडून ऐकलं. पुढचं काही ऐकू आलं नाही, म्हणून मीच जुळवलं आणि गावभर सांगितलं: आपल्याला गावाबाहेर काढणार. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाने गाठोडी बांधली. सगळ्यांत आधी मी.

झालं होतं ते असं. खाडीकाठी जमिनीतून काळं तेल निघालं. महाराजांनी तिथे विहिरी खणल्या. त्यातलं तेल सांडून चिखलात उतरू लागलं आणि दवंडी पिटली गेली, की तेलाचा थेंब न् थेंब सरकारचा, घरी नेईल तो चोर. आता आमच्या बायका ओहोटीला त्याच चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचतात, त्यावरच घरं चालतात. पाय काळे होणारच. शिपाई नुसते पाय बघून धरायला लागले.

चांगुणा तडक दरबारात गेली. महाराज महा हट्टी. म्हणाले, चिखलात खुशाल उतरा, पण माझा एक थेंबही घरी जाता कामा नये. जमलं तर खाडी वापरा, नाहीतर काठाला कुंपण घालतो. तेच चांगुणा घरी येऊन सांगत होती, 'आपल्याला कुंपणाबाहेर ठेवणार' म्हणून, आणि मी ऐकलं अर्धंच.

दुसऱ्या दिवशी ओहोटी झाली, तशी चांगुणा बायांना घेऊन चिखलातून निघाली ती थेट राजवाड्यावर. काम महाराजांच्या तेलाचं, म्हणून देवडीवर फक्त काळ्या पायांना आत सोडत होते. मी कधी चिखलात उतरत नाही, मला नुसत्या चौकशा जमतात. पण आतली गंमत चुकते की काय, म्हणून धावत खाडीवर परत गेले आणि घोटाभर पाय बुडवून आले.

चौकात पाय पसरून चांगुणा म्हणाली, "महाराज, घरी थेंबही नेला नाही. तुमचं तेल तुम्ही काढून घ्या. पाय तेवढे आमचे आम्हाला द्या."

दासींनी पाणी ओतलं, राख घासली. तेल हलेना. मला गुदगुल्या होऊन मी भर दरबारात खिंकाळले, ते सोडा. शेवटी महाराजांनीच विचारलं, हे निघतं तरी कशानं?

"खोबरेलानं," चांगुणा म्हणाली.

कोठीतले खोबरेलाचे हंडे आले आणि रिकामे झाले. पाय लखलखीत. निथळून जमलं ते वाटीभर काळं.

चांगुणाने ती वाटी अदबीने पुढे केली. "ही तुमची मिळकत, महाराज. आता दर ओहोटीला येत जाऊ. हंडे तेवढे भरून ठेवा."

महाराजांनी वाटी पाहिली, रिकामे हंडे पाहिले, आणि पागोटं घसरेपर्यंत हसले. चांगुणाला जरीकाठी लुगडं मिळालं. आमच्या काठावरच्या विहिरी त्यांनी बुजवल्या, आम्ही होतो तिथेच राहिलो. पलीकडचा काठ मात्र महाराजांनी सोडला नाही. खाडी घेतलीच त्यांनी, पण अर्धी.