पारण्याचं तळं

देवांगपुरीच्या औद्योगिक वसाहतीत शिरलं की रस्ता ताणलेल्या सुतासारखा सरळ जातो आणि चाळीस नंबरच्या प्लॉटपाशी एकाएकी डावीकडे वळतो. ट्रकवाले या वळणाला शिव्या देतात. रंगकारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा मोठा नळही इथे जमिनीवर येतो, दगडी खांबांवर चढतो आणि लांबचा वळसा घेतो. मध्ये आहे काय, तर एक लहानसं तळं. नऊ पायऱ्या, काठावर चौंडेश्वरीची घुमटी आणि तळ दिसेल असं पाणी. चहूकडे धुराडी असताना हे पाणी असं राहिलं कसं, असं नवख्या माणसाने विचारलं की घुमटीपाशी बसलेल्या बायका त्याला आधी पायरीवर बसवतात, मग येमूवहिनीची हकीकत सांगतात.

वसाहत नव्हती तेव्हा इथे कोष्ट्यांची चाळीस घरं होती, असं सांगतात. पाण्यासाठीच ती इथे वसली. तळ्याचं पाणी मऊ. सूत त्यात भिजवलं की रंग असा धरायचा, की लुगडं विरलं तरी काठ विटत नसे. पुढे घरातले हातमाग गेले, पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग खडखडू लागले आणि त्यांच्यामागोमाग सूत रंगवायचा पहिला कारखाना उभा राहिला. तो रावजीशेठ खटावकरांचा. शेठ काही दुष्ट नव्हते म्हणे. देवभोळे होते, घुमटीवरचा पितळी कळस त्यांनीच चढवला. आणि त्याच वर्षी कारखान्याची मोरी त्यांनी तळ्यात सोडली. उतार तिकडे होता, एवढंच कारण. देवीच्या डोक्यावर कळस आणि पायाशी मोरी. आणि यात काही चुकतंय असं त्यांना वाटलंही नाही.

आधी पाणी गढुळलं. मग ज्या रंगाचं सूत निघे त्या रंगाचं तळं होऊ लागलं. मासे उताणे होऊन काठाला लागले. बायका धुण्यालाही ते पाणी घेईनात. पुरुष मात्र गप्प, कारण ज्याची मोरी त्याच्याच कारखान्यात सगळे कामाला. येमूवहिनीचा नवरा दत्तोबा सातपुते तर रंगाच्या कढईवरच होता.

येमूवहिनी ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. चार वर्षांपूर्वी तिची लेक शेवंता तापाने फणफणली होती, वैद्याने हात टेकले होते. तेव्हा तिने देवीपुढे पदर पसरला होता: पोर उठू दे, पाच वर्षं नवरात्रात नऊ दिवस फळांवर राहीन आणि तुझ्याच तळ्याच्या पाण्याने पारणं फेडीन. पोर उठली. चार नवरात्रं पार पडली. पाचवं, शेवटचं बसलं, आणि तळं लालभडक झालं. दसऱ्याच्या लुगड्यांसाठी शेठनी लाल सूत काढलं होतं.

येमू रोज सकाळी पायरीवर जाऊन पाणी बघे. आज उतरेल, उद्या उतरेल. आठव्या दिवशीही ते लालच. गुरव म्हणाला, "वहिनी, विहिरीचं पाणी घ्या. देवी समजून घेते."

"घेते हो," येमू म्हणाली. "पण तिनेच किती समजून घ्यायचं?"

घरी दत्तोबाने हात जोडले. "उद्या तिथे काही बोललीस तर मला फाटक दाखवतील."

"मी कशाला बोलू? तीर्थ देऊन येईन."

इथला रिवाज असा, की पारण्याच्या दिवशी व्रत करणारीने तळ्याचं पाणी देवीपुढे ठेवायचं आणि आधी मानाच्या माणसाला पळीभर द्यायचं. त्याने घेतलं की मग आपण घ्यायचं. ते तीर्थ कुणी नाकारत नाही आणि सांडतही नाही.

नवव्या दिवशी, खंडेनवमीला, कारखाना बंद ठेवून शेठ यंत्रांना झेंडूच्या माळा घालत होते. कामगार बायकापोरांसह उभे होते. येमू तांब्या-पळी घेऊन आली तसे शेठ हसले. "या वहिनी. पाचवं वर्ष ना? बरं केलंत इथे आलात." आणि सवयीने त्यांनी उजवा हात पुढे केला.

येमूने पळी ओतली. गोऱ्या तळव्यावर लाल पाणी साचलं.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "शेठ, मेंदी झकास रंगली." हसलं मात्र कुणी नाही.

शेठना पिववेना. टाकताही येईना. हात तसाच धरून ते म्हणाले, "वहिनी, हे मी कसं पिऊ?"

"तेच विचारायला आले, शेठ. मी कसं पिऊ?"

"नदीचं पाणी मागवतो. आत्ता गाडी जुंपायला सांगतो."

"नदीला मी काही बोलले नव्हते. माझी पोर या पाण्याच्या बोलीवर उठली. तुमच्या मोरीला उतार हवा म्हणून मी देवीशी खोटी पडू?"

आवाज चढला नव्हता, असं बघणारे सांगत. दत्तोबा मान खाली घालून उभा होता. मग तो पुढे आला आणि बायकोशेजारी उभा राहिला. शेठच्या बोटांतून थेंब थेंब धोतरावर पडत होते, आणि तीर्थ सांडतंय हे सगळा कारखाना बघत होता.

शेवटी शेठ तसाच तळवा सांभाळत तळ्यापर्यंत चालत गेले. उरलेलं पाणी पायरीवर सोडलं, देवीपुढे डोकं टेकलं आणि म्हणाले, "दत्तोबा, मोरी बुजवा."

त्याच दिवशी दगडमातीने मोरी बुजवली. तळं उपसायला चाळीस घरं उतरली. झऱ्याचं पाणी धरायचं, पुन्हा उपसायचं, असं कितीदा केलं याला गणती नाही. येमू तोवर फळांवरच राहिली. हाडं दिसू लागली, तरी रोज येऊन पायरीवर बसे. कार्तिकी पौर्णिमेला सकाळी तिला तळाचा दगड दिसला. तिने शेठना बोलावणं पाठवलं. त्यांनी पळीभर पाणी घेतलं, प्यायले, आणि मग येमूने पारणं फेडलं. सांडपाण्याचा तो खांबांवरचा वळसा शेठनीच बांधायला घेतला. पुढे वसाहत झाली तेव्हा नळ आणि रस्ता त्याच्याच मागून गेले.

पण शेठच्या तळव्यावरचा लाल डाग गेला नाही म्हणे. चिंच झाली, राख झाली, लिंबू झालं. त्यांना चितेवर ठेवलं तेव्हाही उजवा तळवा लालच होता, असं सांगतात.

आता मालक परगावचे असतात. मध्यंतरी एका साहेबांनी खंडेनवमीला सीलबंद बाटली आणली होती. कामगाराची बायको म्हणाली, "बाटली राहू द्या साहेब, तहान लागली की प्या. आधी हात पुढे करा." साहेबांनी केला.

कारण तळ्याचं पाणी मालकाच्या गळ्याखाली उतरल्याशिवाय इथे आजही यंत्राला माळ चढत नाही. बायका पळी ओततात, मालक पितो. आणि मग, गोष्ट खरी मानणारा असो वा नसो, प्रत्येक जण आपला तळवा एकदा उजेडात धरून बघतो.