पहिला विभाजक

एकदा एका वृद्ध आचार्यांनी आपल्या हुशार शिष्याला नदीकाठच्या गावी पाठवले. पुरात आसरा मिळावा म्हणून गावकऱ्यांना खांबांवर उंच माच बांधायची होती. तिच्यासाठी म्हाळसाबाई नावाच्या वृद्धेने परसातले दोन साग दिले होते. ते तिच्या मुलाने लावलेले. मुलगा मात्र पुरात वाहून गेला होता. एक ओंडका अठरा हात, दुसरा सत्तावीस. दोन्हींचे सारख्याच लांबीचे, होतील तितके लांब खांब पाडायचे आणि लाकूड जराही वाया घालवायचे नाही, एवढेच काम.

लोक भोवती जमले होते. शिष्याने मनात हिशेब मांडला. दोनने सत्तावीसला पूर्ण भाग जाईना. तीनने मात्र दोन्ही संख्यांना गेला. "सापडला!" म्हणत त्याने करवत चालवली.

संध्याकाळी आचार्य आले, तेव्हा अंगणात छातीएवढे आखूड ठोकळे पडले होते.

"नऊनेही दोन्हींना भाग जातो," ते हळूच म्हणाले. "नऊ हातांचे पाच खांब झाले असते."

शिष्याचा चेहरा उतरला. आचार्य मात्र सरळ म्हाळसाबाईंपुढे जाऊन वाकले. "बाई, तुमची झाडं मी वाया घालवली."

"गुरुजी, करवत तर मी चालवली!"

"अरे, सामाईक पट शिकवताना मीच सांगितलं होतं, चढत जावं आणि पहिला सापडला की थांबावं, कारण पटांना अंत नाही आणि आपल्याला लहानात लहान हवा असतो. विभाजक मोजकेच असतात. त्यांतला मोठ्यात मोठा हवा, तर पहिल्यापाशी थांबून चालत नाही. हे शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं."

गुरूंची वाकलेली पाठ पाहून शिष्याला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले. तो पुढे झाला. "आजी, चूक गुरुजींची नाही. लोक बघत होते. मला उत्तर चटकन द्यायचं होतं."

म्हाळसाबाई बराच वेळ एका ठोकळ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"लेकरा, माझ्याकडे आता झाड नाही," त्या म्हणाल्या. "दारोदार मागावं लागेल. मी येते सोबत. पण काय झालं ते तू सांगायचं."

प्रत्येक दारात शिष्याने मान खाली घालून ते सांगितले. कुणी हसले, कुणी दार लोटले. शेवटी एका घरी लाकूड मिळाले, माच उभी राहिली आणि शिष्य गावातच राहिला.

त्या पावसाळ्यात पाणी गावात शिरले, तेव्हा सारे गाव माचेवर चढले. शिष्य सर्वांत शेवटी चढला.