खुंटाच्या पायाशी घड

वेली आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. वडिलांनी वाइनच्या द्राक्षांचा मळा सुमेधाच्या हाती सोपवला आणि तिने जुन्या रानटी खुंटावर नाजूक वेलीचं कलम बांधलं.

“या खडबडीत म्हाताऱ्याशी माझं काय नातं?” वेलीने नाक मुरडलं.

पहिल्या छाटणीला तिच्या कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकू लागलं. “मेले गं बाई!” ती किंचाळली.

“घाबरू नकोस, पोरी. मीच पाठवतोय,” खालून खुंट म्हणाला.

“भर उन्हाळ्यात? इतकं पाणी? कुठून, आजोबा?”

“खडकाच्या खालून. तुझ्या जन्माआधीपासून माझी मुळं तिकडेच उतरतायत.”

वेल थक्क झाली. पुढे पहिला घड आला, तेव्हा तिने तो वर मिरवला नाही, खुंटाच्या पायाशी टेकवला. तोडताना सुमेधालाही तिथवर वाकावं लागलं.